कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा ट्रस्टी: उमेदवारी अर्जापासून पहिल्या अंदाजपत्रकापर्यंत

कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजच्या, बोर्डावर निवडून आलेल्या माणसाकडे, म्हणजे ट्रस्टीकडे, एकट्याने वापरता येईल असा एकही अधिकार नसतो. सभा नियमाप्रमाणे बोलावलेली हवी, गणपूर्ती व्हायला हवी, विषय अजेंड्यावर हवा आणि ठराव बहुमताने व्हायला हवा. तेव्हाच बोर्डाने काही ठरवलं असं म्हणता येतं. सभा संपली की ट्रस्टी पुन्हा एक सामान्य नागरिक असतो. कॉलेजच्या शिपायालाही त्याला हुकूम देता येत नाही. ही एक गोष्ट नीट कळली की पुढचे बहुतेक नियम आपोआप समजतात, आणि नवे ट्रस्टी अडचणीत येतात ते बहुतेक वेळा ही गोष्ट विसरल्यामुळेच.

मराठी माणसाला हे जरा जड जातं, कारण आपल्या डोक्यात विश्वस्त म्हटलं की संस्थाचालक येतो. संस्थाचालकाच्या शब्दावर प्रवेश होतात, नेमणुका होतात, कंत्राटं फिरतात, असं आपण धरून चालतो. इथे प्रवेशासाठी चिठ्ठी लागतच नाही, कारण कॉलेज सगळ्यांना खुलं असतं. नेमणुकीची शिफारस प्रशासनाकडून येते. फीसुद्धा बोर्डाच्या हातात नाही. राज्यातल्या रहिवाशांसाठी ती ४६ डॉलर प्रति युनिट (क्रेडिट) आहे, २०१२ पासून तेवढीच आहे आणि ती विधिमंडळ ठरवतं. त्यामुळे ‘मी फी कमी करीन’ असं प्रचारात सांगणारा उमेदवार आपल्याला काम माहीत नाही हेच सांगत असतो.

राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आणि त्यांचे ७३ डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे एक किंवा जास्त कॉलेजं एका बोर्डाखाली चालवणारं क्षेत्र. मराठी वस्ती दाट असलेल्या भागांतली ओळखीची नावं म्हणजे फ्रीमाँटचं ओलोनी, कुपर्टिनोचं डी अँझा, साराटोगाचं वेस्ट व्हॅली आणि डब्लिन-प्लेझंटनच्या लोकांना जवळचं लास पोझिटास. बोर्ड बहुधा पाच किंवा सात जणांचं असतं आणि मुदत चार वर्षांची.

उभं राहण्याआधी

नागरिकत्व लागतंच. ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही. उमेदवार त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा नोंदणीकृत मतदार हवा, आणि जागा विभागवार असतील तर त्याच विभागातला हवा. आता बहुतेक ठिकाणी जागा विभागवारच आहेत. घर कोणत्या विभागात येतं ते आधी काउंटीच्या मतदार नोंदणी कार्यालयाकडून पक्कं करून घ्या. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन विभागांत असू शकतात, आणि जनगणनेनंतर सीमा बदलतात. तुम्ही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये संध्याकाळचा एखादा वर्ग शिकवत असाल, तर निवडणूक लढवता येईल, पण शपथ घेण्याआधी ती नोकरी सोडावी लागेल.

अर्जाची मुदत मतदानाच्या ११३ दिवस आधी सुरू होते आणि ८८ दिवस आधी संपते. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी हा काळ १३ जुलै ते ७ ऑगस्ट असा येतो. विद्यमान ट्रस्टीने पुन्हा अर्ज भरला नाही, तर इतरांना आणखी पाच दिवस मिळतात, म्हणजे १२ ऑगस्टपर्यंत. शेवटच्या दिवशी जाऊ नका. कागदात एक सही राहिली तर ती दुरुस्त करायला दुसरा दिवस हाताशी असावा.

दोन कागदांवर लोक हमखास अडतात. पहिला मतपत्रिकेवर नावाखाली छापायच्या व्यवसायाचा. तो जास्तीत जास्त तीन शब्दांत लिहायचा, आणि तो तुमचा सध्याचा किंवा गेल्या वर्षीचा खरा, मुख्य व्यवसाय हवा. ‘शिक्षणप्रेमी’ छापाचं काही लिहिलं की ते नाकारलं जातं किंवा प्रतिस्पर्धी कोर्टात जातो. दुसरा कागद म्हणजे मतदारांना घरपोच जाणाऱ्या पुस्तिकेतलं निवेदन. ते साधारण २०० शब्दांचं असतं आणि छपाईचा खर्च बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये उमेदवारालाच द्यावा लागतो. मोठ्या काउंटीत, अनेक भाषांत छपाई होते तिथे, हा आकडा हजारोंत जाऊ शकतो. म्हणून अर्ज घेतानाच अंदाजित रक्कम विचारून घ्या. हे पद पक्षविरहित आहे, त्यामुळे निवेदनात पक्षाचं नाव चालत नाही. पोस्टर छापण्यापेक्षा या २०० शब्दांवर जास्त वेळ घालवा. अनेक मतदार या जागेसाठी तेवढंच वाचतात.

प्रचाराचा पैसा

पहिला डॉलर मागण्याआधी उमेदवारीचा इरादा जाहीर करणारा फॉर्म ५०१ भरायचा. एकूण जमा किंवा खर्च २,००० डॉलरच्या आत ठेवणार असाल तर फॉर्म ४७० पुरतो. २,००० डॉलर जमा झाले की दहा दिवसांत फॉर्म ४१० भरून समिती नोंदवावी लागते, आणि पुढचे हिशेब फॉर्म ४६० वर द्यावे लागतात. मतदानाआधीच्या ९० दिवसांत एकाच देणगीदाराकडून १,००० डॉलर किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७. प्रचाराचं बँक खातं वेगळं ठेवा. घरच्या खात्यातून झेंडे घेणं आणि नंतर पैसे वळते करून घेणं, असं केलं की हिशेब कधीच जुळत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक धोका खास आहे. मंडळातल्या ओळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा होतात, आणि त्यातले बरेच जण एच-१बी किंवा एल-१ वर असतात. अशा व्यक्तीकडून अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीसाठी देणगी घेणं केंद्रीय कायद्याने बंद आहे, मग ती स्थानिक कॉलेज बोर्डाची निवडणूक का असेना. ग्रीन कार्डवाल्यांची चालते. पुण्याच्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पन्नास डॉलरही परत करायचे. देणगीच्या अर्जावरच ‘मी अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे’ अशी चौकट ठेवली तर प्रत्येकाला अवघड प्रश्न विचारावा लागत नाही. रोख १०० डॉलर किंवा जास्त घेता येत नाहीत. १०० डॉलर आणि वरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कंपनी नोंदवावी लागते. समारंभात थाळी फिरवून पैसे गोळा करण्याची आपली पद्धत म्हणूनच इथे उपयोगाची नाही.

निकाल ते शपथ

नवी मुदत डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होते. मधल्या चार-पाच आठवड्यांत वाचन उरकायचं. गेल्या बारा महिन्यांची इतिवृत्तं, मंजूर अंदाजपत्रक, शेवटचं ऑडिट, मान्यता देणाऱ्या एसीसीजेसी या आयोगाचा शेवटचा अहवाल आणि चान्सलरचा, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचा, करार, एवढं तरी वाचायलाच हवं. क्रम विचाराल तर ऑडिट आधी. त्यातल्या मागच्या पानांवर ‘त्रुटी आणि शिफारशी’ असतात, आणि त्याच्याही पुढे मागच्या वर्षीच्या त्रुटी दुरुस्त झाल्या का याचा तक्ता असतो. एकच त्रुटी तीन वर्षं ‘अंमलबजावणी सुरू आहे’ अशी दिसत असेल, तर पहिल्या वर्षी विचारायचा प्रश्न तुम्हाला तिथेच मिळाला.

बोर्डाच्या धोरणांत दुसरं प्रकरण बोर्डाबद्दलच असतं. बहुतेक डिस्ट्रिक्ट एकच क्रमांकपद्धत वापरतात: २२०० मध्ये बोर्डाची कर्तव्यं, २४३० मध्ये चान्सलरला दिलेले अधिकार, २५१० मध्ये निर्णयांतला सहभाग, २७१५ मध्ये आचारसंहिता. २४३० ची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा. कोणता निर्णय बोर्डाने स्वतःकडे राखला आहे आणि कोणता सोपवला आहे याचं उत्तर त्यात असतं.

पदावर आल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ७०० भरायचा: गुंतवणुका, मिळकतीचे स्रोत, डिस्ट्रिक्टमधली स्थावर मालमत्ता, भेटी. राहतं घर बहुधा दाखवावं लागत नाही. भाड्याने दिलेलं दुसरं घर डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर मात्र लागतं. भेटवस्तूंची मर्यादा २०२५-२६ साठी एका स्रोताकडून वर्षाला ६३० डॉलर आहे. दरवर्षीचा फॉर्म १ एप्रिलपर्यंत द्यायचा असतो.

ब्राउन अ‍ॅक्ट, व्हॉट्सअ‍ॅपसकट

१९५३ चा हा कायदा म्हणतो की लोकांचं काम लोकांसमोर व्हायला हवं. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी आणि खास सभेचा २४ तास आधी जाहीर व्हायला हवा. जे अजेंड्यावर नाही त्यावर चर्चा नाही. श्रोत्यांतून कोणी तक्रार मांडली तर ट्रस्टी थोडक्यात उत्तर देऊ शकतो, खुलासा मागू शकतो किंवा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या म्हणू शकतो. त्यावर तिथल्या तिथे वाद सुरू केला की कायदा मोडला. निवडून आलेल्या पण शपथ न घेतलेल्या सदस्यालाही हा कायदा लागू असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सगळ्यात जास्त चुका साखळी चर्चेत होतात. सात जणांच्या बोर्डात बहुमत चारांचं. अ ने ब ला फोन केला, ब ने क ला सांगितलं, क ने ड चं मत घेतलं. चौघं एका खोलीत कधी आले नाहीत, पण बेकायदा सभा झाली. पाच जणांच्या बोर्डात त्यासाठी तिघं पुरतात. चान्सलरच्या ऑफिसमार्फत निरोप फिरवला तरी तेच. अधिकाऱ्याने प्रत्येक ट्रस्टीला वेगवेगळं भेटून माहिती द्यायला हरकत नाही. एकाचं मत दुसऱ्याला सांगायचं नाही, एवढीच मर्यादा. व्यवहारात सोपा नियम असा की एका विषयावर एकाच सहकाऱ्याशी बोलायचं ठरवा आणि तो दुसऱ्या कोणाशी बोलला आहे का हे आधी विचारा. ईमेलमध्ये ‘रिप्लाय ऑल’ला हात लावू नका.

सगळ्या ट्रस्टींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता काढला तरी महिन्याभरात कोणी तरी त्यात बजेटची बातमी टाकतंच. फेसबुक किंवा एक्ससारख्या सगळ्यांना खुल्या ठिकाणचा नियम त्याहून कडक आहे. सहकारी ट्रस्टीने कॉलेजच्या विषयावर काही लिहिलं असेल तर त्यावर थेट प्रतिसाद द्यायचा नाही, अगदी अंगठा किंवा हसरा चेहराही नाही. इथे बहुमताची अटही नाही. दोघांतला एक लाइक पुरतो.

खाजगी फोनवरचे कामाचे संदेश खाजगी राहत नाहीत. सॅन होझे शहराच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं: सार्वजनिक कामाबद्दलचा मजकूर वैयक्तिक खात्यावर असला तरी माहिती मागणाऱ्याला तो द्यावा लागू शकतो. म्हणून डिस्ट्रिक्टचा ईमेल पत्ताच वापरा. वैयक्तिक पत्त्यावर काही आलं तर ते तिकडे पाठवून तिथूनच उत्तर द्या.

गणेशोत्सवात दोन-तीन ट्रस्टी एका पंक्तीला बसले तर काही बिघडत नाही, कॉलेजच्या कामाचा विषय काढला नाही म्हणजे झालं.

बंद दाराआडच्या बैठकीला ठरावीक विषय चालतात: कोर्टकज्जे, जागेच्या खरेदी-विक्रीतली किंमत व अटी, कर्मचाऱ्याची नेमणूक, मूल्यमापन किंवा शिस्त, संघटनांशी वाटाघाटी, विद्यार्थ्यावरची शिस्तभंगाची कारवाई. तिथलं बोलणं बाहेर सांगता येत नाही, जोडीदारालाही नाही. आणि अंदाजपत्रकाची सर्वसाधारण चर्चा ‘वाटाघाटीं’च्या नावाखाली आत न्यायची नाही. तसं होऊ लागलं तर हात वर करून सांगणं हे तुमचं काम आहे.

अजेंडा कसा वाचायचा

अजेंड्याचं बाड दोनशे पानांचं असणं नेहमीचं आहे. ते पहिल्या पानापासून वाचू नका. आधी निर्णयाचे विषय, मग एकगठ्ठा मंजुरीची यादी, मग माहितीपर सादरीकरणं. सादरीकरणं सभेत ऐकायची असतातच. एकगठ्ठा यादीत मात्र सगळे विषय एका मताने मंजूर होतात. तिथे कोणी काही बोलत नाही आणि बरेच पैसे तिथूनच जातात.

यादीतल्या प्रत्येक करारासाठी पाच गोष्टी पेन्सिलने टिपा. रक्कम किती, मुदत किती, आपोआप नूतनीकरणाचं कलम आहे का, पैसा कोणत्या निधीतून येतो, आणि स्पर्धात्मक निविदा झाली की दुसऱ्या संस्थेच्या निविदेवर स्वार होऊन खरेदी झाली. नूतनीकरणाचं कलम सगळ्यात फसवं. पहिल्या वर्षी ६०,००० डॉलरचं सॉफ्टवेअर पाच वर्षांनी कोणी वापरत नसतं, तरी बिल येतच असतं. बांधकामातल्या फेरबदलांच्या मागण्यांत फक्त या वेळची रक्कम पाहू नका. आतापर्यंतची बेरीज मूळ कराराच्या किती टक्के झाली ते विचारा. ती १० टक्क्यांच्या वर गेली की नव्या निविदेचा प्रश्न येतो, आणि म्हणूनच मागण्या तुकड्यातुकड्यांनी येतात.

प्रश्न सभेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चान्सलरच्या ऑफिसला लेखी पाठवा आणि उत्तर सगळ्या ट्रस्टींना एकाच वेळी जाईल असं पाहा. सभेत अचानक आकडा विचारून अधिकाऱ्याला गप्प करणं लोकांना पाहायला आवडतं, पण खरं उत्तर त्या रात्री मिळत नाही, आणि पुढच्या वेळी अधिकारी कमी माहिती घेऊन येतो. लेखी उत्तराने शंका फिटली नाही तर विषय यादीतून वेगळा काढा. त्यासाठी फक्त ‘अमुक क्रमांक वेगळा घ्या’ एवढं म्हणायचं असतं, कारण द्यावं लागत नाही.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

ट्रस्टीच्या कामाचा गाभा इथे आहे, आणि वेळ इथेच खर्च करायला हवा.

सगळ्या हिशेबाचं एकक म्हणजे एफटीईएस, पूर्णवेळ विद्यार्थ्याइतकी हजेरी. ५२५ तास म्हणजे एक एफटीईएस: आठवड्याला १५ तास, वर्षाला ३५ आठवडे. अर्धवेळ शिकणारे चार जण मिळून एक-दोन एफटीईएस होतात. बहुतेक नियमित कोर्सेसची मोजणी सत्राचा २० टक्के काळ उलटल्यावर एका ठरावीक दिवशी होते. त्यानंतर विद्यार्थी गळाला तरी त्या भागाचा पैसा जात नाही. पण कोर्स पूर्ण न झाल्याने यशाशी जोडलेला पैसा जातो. कारण राज्याच्या निधीवाटपाच्या २०१८-१९ पासूनच्या सूत्रात साधारण ७० टक्के रक्कम हजेरीवर, २० टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के पदव्या, प्रमाणपत्रं, विद्यापीठात बदली अशा निकालांवर ठरते.

हजेरीच्या मुख्य भागात तीन वर्षांची सरासरी धरतात. याचा अर्थ नीट समजून घ्या. आज विद्यार्थी घटले तर उत्पन्नावर पूर्ण परिणाम तीन वर्षांनी दिसतो. चालू वर्षाचं अंदाजपत्रक जुळलेलं दिसतं, सगळे निश्चिंत असतात, आणि घसरण आधीच झालेली असते. शिवाय २०२५-२६ पासून सूत्राने कमी रक्कम निघाली तरी २०२४-२५ ची रक्कम हा तळ धरला जातो. पण त्या तळावर महागाईची वाढ मिळत नाही. तळावर उभं असलेलं डिस्ट्रिक्ट दर वर्षी थोडं गरीब होत जातं, कारण पगार आणि वीजबिल तळावर थांबत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न: आपण सूत्रावर आहोत की तळावर? काही मोजक्या डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक मालमत्ता कराचं उत्पन्नच सूत्रापेक्षा जास्त असतं. वेस्ट व्हॅली-मिशन, सॅन मॅटेओ आणि सॅन होझे-एव्हरग्रीन ही अशी उदाहरणं. तिथे हजेरीपेक्षा घरांच्या किमतींवर लक्ष ठेवावं लागतं.

खर्चात ८० टक्क्यांच्या वर भाग पगार आणि लाभांचा असतो. म्हणून वेतनकराराचं मत हे वर्षातलं सगळ्यात महाग मत. उदाहरणादाखल धरा की एका डिस्ट्रिक्टचा पगारखर्च १३ कोटी डॉलर आहे. ३ टक्के वाढ म्हणजे ३९ लाख. त्यावर पेन्शनचा हिस्सा येतो. प्राध्यापकांच्या कॅलस्टर्स या पेन्शन योजनेत मालकाचा दर १९.१ टक्के आहे आणि इतर कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्समध्ये त्याहून जास्त. म्हणजे वर्षाला किमान ४६ लाखांच्या पुढे, आणि ते दर वर्षी. तीन वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख. वाढ देऊ नये असं यातून निघत नाही. चांगला पगार नसेल तर चांगला शिक्षक शेजारच्या डिस्ट्रिक्टला जातो, आणि आम्हाला वाटतं की शिक्षकाच्या पगारावर हात आखडणं ही सगळ्यात महागडी काटकसर आहे. पण मत देण्याआधी तीन वर्षांचा एकत्रित तक्ता समोर हवा, आणि वाढ राखीव निधीतून दिली जात नाही ना, हे पाहायला हवं. राखीव निधी एकदाच खर्च होतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

तारखा पाठ करा. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्याआधी तात्पुरतं अंदाजपत्रक मंजूर व्हावं लागतं. अंतिम अंदाजपत्रक जाहीर सुनावणीनंतर १५ सप्टेंबरपर्यंत. ऑडिट ३१ डिसेंबरपर्यंत. दर तिमाहीला ३११-क्यू नावाचा अहवाल येतो. तो दोन-चार पानांचाच असतो, पण रोख शिल्लक त्यात दिसते, आणि डिस्ट्रिक्ट बुडायला लागलं की आधी रोख आटते. राखीव निधी किती असावा? पूर्वी ५ टक्के पुरेसे मानत. आता राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या चान्सलर ऑफिसची (डिस्ट्रिक्टच्या चान्सलरचं ऑफिस वेगळं) शिफारस दोन महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे सुमारे १६.७ टक्के आहे. वार्षिक खर्च १२ कोटी असेल तर २ कोटी.

एक कायदा नव्या माणसाला हमखास चकवतो. शिक्षणावरच्या चालू खर्चातला किमान ५० टक्के भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर जायला हवा. समुपदेशक आणि ग्रंथपाल यांचे पगार त्या ५० टक्क्यांत मोजले जात नाहीत. त्यामुळे दहा समुपदेशक नेमणं विद्यार्थ्यांसाठी कितीही चांगलं असलं तरी प्रमाण खाली येतं. ‘जास्त समुपदेशक नेमा’ असा आग्रह धरण्याआधी सध्याचा आकडा विचारा. ५०.४ असेल तर वाव फार थोडा आहे.

चान्सलर, आणि बाकी सगळे

बोर्डाचा थेट कर्मचारी एकच: चान्सलर, आणि एकाच कॉलेजच्या डिस्ट्रिक्टमध्ये बहुधा सुपरिंटेंडंट-प्रेसिडेंट. बाकी सगळे त्यांच्या हाताखाली. एखाद्या डीनला ट्रस्टीने फोन करून ‘या विद्यार्थ्याचं बघा’ म्हटलं, तर तो ते विनंती म्हणून ऐकत नाही, हुकूम म्हणून ऐकतो. प्राध्यापक तक्रार घेऊन आले तर ऐकून घ्या, पण बाजू घेऊ नका. प्रकरण पुढे सुनावणीसाठी बोर्डासमोर आलं तर तुम्ही आधीच मत बनवलं होतं असा आक्षेप येतो आणि तुम्हाला बाजूला बसावं लागतं. उत्तर एवढंच: ‘मी हे चान्सलरच्या ऑफिसला कळवतो, आणि तुम्हाला उत्तर मिळालं का ते विचारतो.’ मग खरोखर विचारा. तक्रार पुढे पाठवून विसरणारा ट्रस्टी लोक लक्षात ठेवतात.

चान्सलरचं मूल्यमापन वर्षातून एकदा, आणि वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेल्या चार-पाच उद्दिष्टांवर. उद्दिष्टं लिहिली नाहीत तर मूल्यमापन स्वभावाचं होतं. करार किंवा पगारवाढ नेहमीच्या खुल्या सभेतच मंजूर करायची, खास सभेत नाही, आणि मतदानाआधी पगार व लाभांचा सारांश तोंडी वाचून दाखवावा लागतो. हे राहून गेलं की निर्णयावरच प्रश्न येतो.

अभ्यासक्रम, गुणपद्धती, पदवीच्या अटी असे दहा शैक्षणिक विषय आणि आपसांत ठरलेला एखादा, याला सगळे ‘टेन प्लस वन’ म्हणतात. मुळाशी १९८८ चा एबी १७२५ हा कायदा आहे. या विषयांत बोर्डाने प्राध्यापकांच्या अ‍ॅकॅडमिक सिनेटच्या सल्ल्यावर मुख्यतः विसंबायचं किंवा त्यांच्याशी सहमतीने ठरवायचं असतं. कोणत्या विषयाला यातली कोणती पद्धत, ते धोरण २५१० मध्ये असतं. सिनेट आणि प्राध्यापकांची संघटना वेगळ्या, हेही ध्यानात ठेवा. पगार आणि कामाच्या अटी संघटनेशी, अभ्यासक्रम सिनेटशी.

बोर्ड आपली हद्द आणि हिशेब दोन्ही विसरलं तर काय होतं, याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोत आहे. सिटी कॉलेजला एसीसीजेसीने जुलै २०१२ मध्ये मान्यता का काढू नये अशी नोटीस दिली. कारणांत कारभार, नेतृत्व आणि वित्त होतं. वर्गातल्या शिकवण्यावर तो ठपका नव्हता. जुलै २०१३ मध्ये मान्यता काढण्याचा निर्णय झाला आणि निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार थांबवून विशेष ट्रस्टी नेमला गेला. कोर्टकज्ज्यांमुळे मान्यता प्रत्यक्षात गेली नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये ती पुन्हा पक्की झाली. पण मधल्या काळात कॉलेजने हजारो विद्यार्थी गमावले. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन कॉलेजची मान्यता तर खरोखर गेली. ती परत मिळाली २०१७ मध्ये.

हितसंबंध आणि बाँड

राज्याच्या गव्हर्नमेंट कोडचं कलम १०९० लक्षात ठेवा. बोर्ड ज्या करारात आहे त्यात तुमचा आर्थिक हितसंबंध असेल, तर ‘मी मत देत नाही, बाहेर बसतो’ एवढ्याने सहसा भागत नाही. करारच रद्द ठरू शकतो. काही अपवाद आहेत, पण ते स्वतः ठरवू नका. जोडीदाराची कंपनी डिस्ट्रिक्टला सॉफ्टवेअर विकत असेल, तर करार अजेंड्यावर येण्याच्या कितीतरी आधी लेखी सल्ला घ्या. डिस्ट्रिक्टचा वकील डिस्ट्रिक्टचा असतो, तुमचा नाही. स्वतःच्या बचावासाठी प्रचाराचा पैसा आणि हितसंबंध यांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या एफपीपीसी या आयोगाकडून लेखी सल्ला मागवणं जास्त भक्कम. ज्याचा करार बोर्डासमोर आहे अशा व्यक्तीने तुम्हाला बारा महिन्यांत ५०० डॉलरपेक्षा जास्त देणगी दिली असेल, तर त्या निर्णयात बहुधा भाग घेता येत नाही. म्हणून प्रचाराची यादी आणि कंत्राटदारांची यादी दर तिमाहीला शेजारी ठेवून पाहा.

इमारतींसाठी बाँड, म्हणजे मालमत्ता करातून फेडायचं कर्ज, मतदारांपुढे मांडायचा तर बोर्डाच्या दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो, म्हणजे सातांत पाच, पाचांत चार. लोकांची ५५ टक्के मतं मिळाली की तो पास होतो, आणि त्याचा पैसा पगाराला वापरता येत नाही. कॉलेज डिस्ट्रिक्टच्या एका बाँडचा कर मालमत्तेच्या प्रत्येक १ लाख डॉलर करपात्र मूल्यामागे २५ डॉलरच्या आत राहील असा अंदाज दाखवावा लागतो. नंतर किमान सात नागरिकांची देखरेख समिती नेमायची असते. तीत मित्र भरू नका. बाँडचा प्रचार स्वतःच्या वेळेत करा, डिस्ट्रिक्टच्या ईमेलवरून एक ओळही नाही.

विद्यार्थी ट्रस्टी

बोर्डाच्या मेजावर एका वर्षासाठी विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. त्याचं मत मोजलं जात नाही आणि बंद बैठकीला तो येत नाही, पण बोर्डाने ठरवलं तर त्याला सल्ल्यापुरतं मत देता येतं. ते मत तुमच्या मतदानाआधी घ्यायला सांगा. निकाल लागल्यावर विचारलेल्या मताला अर्थ उरत नाही. अजेंड्याचं बाड त्याच्याही हाती तुमच्याबरोबर त्याच दिवशी पोचतं का, ते पहिल्याच महिन्यात तपासा. आणि परीक्षेच्या आठवड्यात सभा येत असेल, तर त्याच्याशी संबंधित विषय सुरुवातीला घ्यायला अध्यक्षांना सांगा, म्हणजे रात्री अकरापर्यंत थांबलेल्या मुलाला सकाळी आठच्या पेपरला अर्धवट झोपेत बसावं लागणार नाही.